लोक अभिरक्षक कार्यालय: ज्याच्यासाठी कुणी निवेदन देत नाही, त्याचा वकील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरणाचं लोक अभिरक्षक कार्यालय चालतं. फौजदारी गुन्ह्यात अडकलेल्या आरोपीला तिथून मोफत वकील मिळतो. सरकारी वकील जसा शासनाचा पगारी, तसाच हा आरोपीच्या बाजूचा पगारी वकील. त्याला बाहेरची खासगी फौजदारी कामं घेता येत नाहीत. खान्देशात या सेवेबद्दल दोनच मतं ऐकू येतात: ‘फुकटचा वकील काय लढणार’ आणि ‘असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं’. दोन्हींचं नुकसान पाड्यावरच्या माणसाला सोसावं लागतं, म्हणून हे परीक्षण जरा तपशिलात.

सेवा मोजायला पट्टी हवी. ती सगळ्यांच्या आठवणीतली घेऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खानला अटक झाली. त्याच्याकडे अमली पदार्थ सापडले नव्हते. २८ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. दुसऱ्या दिवशी कागद वेळेत तुरुंगात पोहोचला नाही म्हणून आणखी एक रात्र गेली आणि ३० तारखेला तो बाहेर आला. मे २०२२ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) दोषारोपपत्र दाखल केलं, त्यात पुराव्याअभावी त्याचं नावच नव्हतं. त्या आठवड्यांत देशभर त्याच्याबद्दल हळहळ होती. ती योग्यच होती. श्रीमंताच्या मुलावर झालेला अन्याय हा अन्यायच असतो आणि त्याबद्दल वाईट वाटणाऱ्याला कुणी टोमणा मारू नये.

पण त्या हळहळीच्या जोडीला प्रत्यक्षात काय काय उभं राहिलं ते बघा. पहिल्या दिवसापासून नामांकित वकील. खालच्या न्यायालयांनी नकार दिल्यावर लगेच उच्च न्यायालय. एक लाखाच्या बंधपत्रावर जामीनदार म्हणून एक प्रसिद्ध अभिनेत्री. जामिनाचा कागद कुठे अडकला आहे हे तासातासाला सांगणारे कॅमेरे. पहिल्या दिवशीचा वकील, वरच्या न्यायालयाची वाट, जामीनदार आणि कागदावर कुणाची तरी नजर: खोट्या गुन्ह्यातून माणूस सुटतो तो या चार गोष्टींनी. प्रतिष्ठिताला त्या पैशांतून आणि लोकांच्या सहानुभूतीतून मिळतात. ज्याला यातलं काहीच नाही त्याला त्या लोक अभिरक्षक कार्यालयाकडून मिळतात का, एवढाच प्रश्न इथे आहे.

सहानुभूती सारखी वाटली जात नाही, हे एकाच खटल्यातही दिसतं. १९९४ च्या इस्रो हेरगिरी प्रकरणात शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सुमारे ५० दिवस कोठडीत काढावे लागले. ते प्रकरणच बनावट निघालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई दिली, २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. हे सगळं त्यांना मिळायलाच हवं होतं. त्याच प्रकरणात मालदीवच्या दोन स्त्रिया तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होत्या. त्यांची नावं किती जणांना आठवतात? आपल्या राज्यातलं उदाहरण आणखी जवळचं. २००३ च्या एका दरोडा आणि खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीच ठरवली, त्यातल्या तिघांची उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेली असतानाही. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. त्यांच्यासाठी चौकात मेणबत्त्या लागल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

खान्देशातही हेच चालतं. शहरातल्या डॉक्टरवर किंवा संस्थाचालकावर गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी संघटनेचं निवेदन तहसीलदारांच्या टेबलावर असतं, सर्वपक्षीय शिष्टमंडळ पोलीस अधीक्षकांना भेटतं. पारधी, भिल्ल, पावरा माणसाबाबत मात्र संशय हाच पुरावा मानला जातो. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे होते. तिथे खटला चालवायलाही कुणी थांबलं नाही.

आता सेवेकडे वळू. पात्रतेबद्दल गैरसमज फार आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे धडगावच्या पावरा तरुणाला तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणायला लावणं चूक आहे. तुरुंगातल्या कुणाकडूनही तो मागता येत नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे आणि त्यासाठी साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नाव, गाव, पोलीस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक, कलमं, पुढची तारीख आणि आरोपी कुठल्या तुरुंगात आहे, एवढं लिहिलं की झालं. तो जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा, तालुक्याला असाल तर तालुका विधी सेवा समितीकडे. आत असलेल्याने तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रातून किंवा तिथे येणाऱ्या विधी स्वयंसेवकाकडे द्यायचा. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा तुरुंग अधीक्षकांमार्फत होतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन करताना एफआयआरचा क्रमांक हाताशी ठेवा, नाहीतर दुसऱ्यांदा करावा लागतो. वकिलाची फी, कोर्ट फी, नकला, यातलं काहीही अर्जदाराकडून घ्यायचं नसतं. कुणी ‘टायपिंगचे’ म्हणून पैसे मागितले तर तक्रार प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी करायची. सचिव हे न्यायाधीश असतात. वकील बदलून मागण्याचा अर्जही त्यांच्याकडेच करतात, पण कारण नेमकं लिहा: ‘अमुक तारखेला उलटतपासणी केली नाही’ असं. ‘वकील बरोबर नाही’ या वाक्यावर काही होत नाही.

‘फुकटचा वकील’ या शेऱ्याबद्दल थोडं. योजनेनुसार मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयातले किमान ३० खटले लागतात. उपमुख्याला ७ वर्षं आणि २० खटले. सहाय्यक मात्र अगदी नवे, शून्य ते तीन वर्षांचे असतात. त्यामुळे खून, बलात्कार, दरोडा अशा सत्र खटल्यात कुणाचं नाव वकीलपत्रावर आहे ते पाहून घ्या. सहाय्यकाचं एकट्याचं असेल तर मुख्य किंवा उपमुख्य अभिरक्षक द्यावा असा अर्ज करता येतो, आणि करावाच. शेजारच्या खंडव्याचं अनोखीलाल प्रकरण इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१३ मध्ये एका आदिवासी तरुणाला न्यायालयाने वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि ठरवून दिलं: जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात नेमलेला वकील किमान १० वर्षांचा असावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत. फेरखटल्यात पुन्हा शिक्षा झाली, पुन्हा ती टिकली नाही आणि मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षांनी. म्हणून वकील मिळाला एवढ्यावर थांबायचं नाही, त्याला वेळ मिळाला का हे विचारायचं.

सगळ्यात जास्त लिहावं लागतं ते पहिल्या चोवीस तासांबद्दल, कारण सेवेचं यश तिथेच ठरतं. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि प्राधिकरणाकडून पोलीस ठाण्यातही वकील मागता येतो. प्रत्यक्षात बहुतेक गरीब आरोपींना वकील पहिल्यांदा दिसतो तो रिमांडच्या वेळी, न्यायाधीशांसमोर उभं असताना. तेव्हा आरोपीने वकिलाला कानात सांगायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: प्रत्यक्ष कधी आणि कुठून उचललं, कागदावर कोणती वेळ लिहिली आहे, मारहाण झाली का, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या का, घरच्यांना कळवलं का. उचलल्याची वेळ आणि कागदावरची वेळ यांत अंतर असेल तर ते त्याच दिवशी न्यायाधीशांना सांगून नोंदवून घ्यावं लागतं. महिन्याने सांगितलं तर त्याला बनाव म्हणतात.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्या गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, पण रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी. हा निकाल वरळीच्या एका महागड्या मोटारीच्या अपघात प्रकरणातून आला. दोषारोपपत्र दाखल झालं की, ते मुदतीत न आल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाचा हक्क संपतो हा १९९४ चा नियम संजय दत्त प्रकरणातला. मुदत मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा हा २०२३ चा निकाल गृहकर्जाच्या धंद्यातल्या कपिल वाधवान यांच्या प्रकरणातला. पैशावाल्यांनी वर जाऊन मिळवलेले हे निकाल अक्कलकुव्याच्या माणसालाही तसेच लागू आहेत, आणि ते मोफत वकिलाने त्याच्यासाठी वापरायचे आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला मराठी छापील कागद देऊन अंगठा घेतला असेल, तर भाषेची हरकत पहिल्या रिमांडलाच घ्यायला हवी. दुभाषा मागायला संकोच करू नये. ‘त्याला मराठी येतं’ हे बाजारात भाव करण्यापुरतं खरं असतं, कलमं समजण्यापुरतं नसतं.

मुदतीचं गणित घरच्यांनी स्वतः कॅलेंडरवर मांडावं. दहा वर्षं किंवा अधिक, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. त्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण अर्ज केल्याशिवाय तो मिळत नाही. अर्ज पडायच्या आधी दोषारोपपत्र पडलं तर हक्क गेला. त्यामुळे ५५ व्या किंवा ८५ व्या दिवशी कार्यालयात जाऊन ‘अर्ज तयार आहे का’ विचारणारा एक माणूस हवा. पोलीस कोठडीचंही आता बदललं आहे. नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) एकूण १५ दिवसच, पण ते तुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येतात. न्यायालयीन कोठडी मिळाली म्हणून वकिलाने फाईल बाजूला ठेवली तर इथे फसगत होते.

शिरपूर तालुक्याच्या वनपट्ट्यात गांजाच्या शेतीवर छापे पडतात, त्याबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. आर्यन खानवर लावला तोच अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) इथे रोजाने निंदणी करायला गेलेल्या मजुरावर लागतो. गांजाचं अल्प प्रमाण १ किलोपेक्षा कमी, व्यापारी प्रमाण २० किलोच्या वर. व्यापारी प्रमाण ठरलं की कलम ३७ मुळे जामीन फार कठीण होतो आणि दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांवर जाते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. छाप्यात मात्र ओली झाडं मुळासकट, खोडासकट वजनकाट्यावर जातात. आकडा क्विंटलमध्ये निघतो आणि तोच बातमीत छापला जातो. चांगला वकील पंचनाम्यात पहिल्यांदा हेच शोधतो: शेंडे वेगळे केले होते का, वजन ओलं की सुकं, माती झटकली होती का, नमुने कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का. दुसरा प्रश्न ताब्याचा. वनजमिनीला त्या माणसाच्या नावाचा सातबारा नसतो, मग पीक त्याचं हे कशावरून? पंच कुठले, तिथलेच की गाडीतून आणलेले? या प्रश्नांची उत्तरं कागदात असतात. ते वाचायला निवांत दोन-तीन तास लागतात आणि एका अभिरक्षकाकडे किती फायली आहेत त्यावर तो वेळ मिळणं अवलंबून असतं. सेवेतली खरी कमतरता ही आहे, वकिलाची नियत नव्हे.

बचावाचा पुरावा गोळा करण्यातही हेच आहे. प्रतिष्ठिताकडे हॉटेलचं बिल, विमानाचं तिकीट, कार्यालयातला सीसीटीव्ही असतो, तो घटनेच्या वेळी दुसरीकडे होता हे चटकन दिसतं. मजुराकडेही असा पुरावा असतो, फक्त तो मागायचा कुणाला सुचत नाही. रोजगार हमीच्या कामाची हजेरी फोटो आणि वेळेसह ऑनलाइन चढते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्याचं नाव मुकादमाच्या उचल वहीत असतं, गाडीची काटा पावती कारखान्याकडे असते. जिनिंगमध्ये हजेरीपट असतो. केळीच्या गाडीसोबत गेलेल्याची टोलची नोंद, प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर, आश्रमशाळेत मुलाला सोडल्याची सही, हे सगळं चालतं. दुकानाचा किंवा पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसला जातो, त्यामुळे तो जपून ठेवण्यासाठी न्यायालयात अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण १८ महिने, आणि ती सोय नसेल तर निदान एक वर्ष ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. अटकेच्या वेळेचा वाद तिथे सुटू शकतो. अभिरक्षक कार्यालयाकडे हे गोळा करत गावोगाव फिरणारी माणसं नसतात. ते नातेवाइकांनी, गावातल्या शिक्षकाने, सामाजिक कार्यकर्त्याने करून वकिलाच्या हातात द्यावं. पुरावा वकिलाला द्या, पोलिसांना आधी दाखवायचा की नाही ते त्याला ठरवू द्या.

आता जामीनदार. इथे ही सेवा सगळ्यात कमकुवत आहे आणि ते मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. जामीन मंजूर झाला तरी २५ हजारांचा एक जामीनदार उभा करता न आल्यामुळे माणूस महिनोन्महिने आत राहतो. जामीनदाराला सातबारा, ओळखपत्र, फोटो, प्रतिज्ञापत्र आणि काही ठिकाणी तहसीलदारांचा पत दाखला मागतात. वनपट्टाधारकाकडे सातबारा नसतो, ऊसतोडीच्या हंगामात गावात माणूसच नसतो. न्यायालयाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे ‘तयार’ जामीनदार मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. उतारा बनावट निघाला की फसवणुकीचा नवा गुन्हा आरोपीच्या घरच्यांवर येतो आणि पहिल्या गुन्ह्यात निर्दोष असलेला माणूस दुसऱ्यात खरोखर अडकतो.

यावर उपाय कायद्यात आहेत, मागावे लागतात. जामीनदाराऐवजी काही आठवड्यांसाठी रोख रक्कम भरून सोडावं आणि तोवर जामीनदार देण्याची मुभा मिळावी, असा अर्ज करता येतो. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी चूक ठरवल्या. नंदुरबारचा माणूस गुजरातेत किंवा बडवानीत अडकला तर हाच निकाल दाखवायचा. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात तर सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण साखळीच बांधून दिली आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ईमेलने जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार स्वतःहून करावा. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी सहाय्य योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी रक्कम जिल्हा समितीकडून मंजूर होऊ शकते, मात्र अमली पदार्थ, बेकायदा कारवाया प्रतिबंधक (यूएपीए), भ्रष्टाचार प्रतिबंधक आणि मनी लाँडरिंग या कायद्यांखालच्या आरोपींना ती नाही. आर्यन खानच्या कागदावर कॅमेऱ्यांची नजर होती. इथे ती नजर म्हणजे आठव्या दिवशी सचिवांना दिलेला एक अर्ज. तो कुणीही देऊ शकतं, नातेवाईक असण्याची गरज नाही.

खटला लांबला तर नव्या संहितेचं कलम ४७९ पाहा. पहिल्यांदाच आरोपी असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, किंवा इतरांनी निम्मा, तर सुटकेचा हक्क येतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर अडचण येते. नवी संहिता येण्यापूर्वीच्या, म्हणजे २०२४ च्या जुलैपूर्वीच्या, खटल्यांनाही हे लागू आहे. अर्ज तुरुंग अधीक्षकांनी स्वतःहून करायचा असतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५.७३ लाख माणसं होती, त्यातली ४.३४ लाख कच्चे कैदी. ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही अशी ही माणसं. त्यात खोटे अडकवलेले किती हे कळायचं तर खटला नीट चालावा लागतो.

तालुक्याच्या ठिकाणी वेगळं चित्र आहे. अभिरक्षक कार्यालयाची रचना मुळात जिल्ह्याच्या ठिकाणासाठी आहे. तालुका न्यायालयात बहुधा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा (यादीतला) वकील मिळतो, ज्याची स्वतःची वकिलीही चालू असते. अमळनेर किंवा भुसावळच्या सत्र न्यायालयात खटला असेल तर तिथे कोण येणार हे जिल्हा कार्यालयात आधीच विचारून घ्या. एकाच गुन्ह्यात दोन आरोपी एकमेकांवर बोट दाखवत असतील तर एकाच कार्यालयाने दोघांचं काम घेऊ नये, दुसऱ्याला पॅनेलचा वकील द्यावा. गावातल्या दोन गटांच्या भांडणात हे हमखास लागतं. उच्च न्यायालयात जायचं झालं तर तिन्ही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. तिथली विधी सेवा उपसमिती वकील देते आणि जिल्हा कार्यालयाने कागद पाठवायचे असतात. पाठवल्याचा जावक क्रमांक मागून घ्या.

स्थलांतर करणाऱ्यांनी एक सांभाळावं. दिवाळीनंतर कामाला गुजरातेत गेलं आणि तारीख चुकली की अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते. जायच्या आधी वकिलाला कामाचं ठिकाण आणि चालू असलेला मोबाईल नंबर द्या, म्हणजे तो गैरहजेरी माफीचा अर्ज देऊ शकतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये अक्षरं आणि अंक मिळून १६ चिन्हांचा सीएनआर हा खटल्याचा क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तो क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल.

माझ्या मते ही सेवा खटल्याच्या कामात चांगली आहे, रिमांडच्या वेळी ठीक आहे आणि जामीनदाराच्या पायरीवर अपुरी आहे. कुवत नसताना शेत विकून खासगी वकील लावणाऱ्याने आधी इथे एकदा बोलून पाहावं. आणि ज्यांना प्रतिष्ठितावरच्या खोट्या आरोपाने खरोखर झोप लागत नाही, अशा डॉक्टर, शिक्षक, व्यापारी मंडळींनी आपल्या तालुक्यात विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं किंवा ओळखीच्या मजुराला जामीनदार राहावं. शेतगडी म्हणून दहा वर्षं वावरात राबलेल्या माणसासाठी मालकाचा एक सातबारा पुरतो.

निर्दोष सुटल्यानंतर ही सेवा हात आखडते, कारण पुढे कायद्यातच काही नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात खोट्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदा करायला सांगितलं, तो अजून झालेला नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल दंडाधिकारी देऊ शकतात ती भरपाई जास्तीत जास्त हजार रुपये. शिवाय खटला संपताना, निर्दोष सुटणाऱ्याकडूनही, वरच्या न्यायालयात अपील झालं तर हजर राहीन असं सहा महिन्यांचं बंधपत्र घेतात. म्हणजे जामीनदार पुन्हा लागतो. पहिला जामीनदार तेव्हा टाळाटाळ करतो, म्हणून त्याला सुरुवातीलाच हे सांगून ठेवा, निकालाच्या आधी सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून घ्या आणि तो येणार नसेल तर केवळ जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा अर्ज अभिरक्षकाकडून आधीच तयार करून घ्या.